वाचकांचे प्रश्न : नवटाक, धोटा आणि भर दुपारची सावली

या महिन्यातल्या पत्रांचा सूर एकच आहे : 'करून दाखवलं, तरी कळलं नाही.' गोम त्या 'दाखवलं'मध्येच आहे. हात मोठ्यांचे चालले, मुलं बघत बसली. काही घरांत हात मुलांचेच चालले, पण सुरू करण्याआधी 'काय होईल असं वाटतं?' हे कुणी विचारलं नाही, त्यामुळे चुकलं कुठे हे मुलांना उमगलंच नाही. सोलापूर आणि आसपासच्या निवडक पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. अर्धा, पाव येतं, पण 1/8 हा 1/4 पेक्षा मोठा असं ठामपणे सांगतो. 'आठ मोठे ना?' म्हणतो. भाकरीचे तुकडे करून दाखवले. भाकरी संपली, गोंधळ तसाच. (एक आई, जुळे सोलापूर)

भाकरी पोटासाठी उत्तम, अपूर्णांकांसाठी अडचणीची. गोलाचे आठ सारखे भाग हाताने होत नाहीत. एका भाकरीचा अर्धा आणि दुसऱ्या, मोठ्या भाकरीचा पाव शेजारी ठेवला तर पावच मोठा दिसू शकतो. आणि खाल्ल्यावर पुरावाच उरत नाही.

जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदातून 24 सेंटीमीटर लांब, 3 सेंटीमीटर रुंद अशा सहा पट्ट्या कापा. 24 मुद्दाम घेतले आहेत. त्याला 2, 3, 4, 6, 8 आणि 12 ने भाग जातो, त्यामुळे प्रत्येक घडी पूर्ण सेंटीमीटरवर पडते. 12 सेंटीमीटरची पट्टी घेतली तर आठवा भाग दीड सेंटीमीटरचा होतो आणि मूल घडीऐवजी दशांशात अडकतं. पहिली पट्टी अख्खी ठेवा. दुसरीची एक घडी, तिसरीच्या दोन, चौथीच्या तीन. प्रत्येक वेळी घडी उलगडण्याआधी विचारा, 'किती भाग होतील?' तीन घड्यांना बहुतेक मुलं 'सहा' म्हणतात. उलगडून आठ मोजले की चेहरा बघण्यासारखा होतो, आणि तिथेच थोडं थांबायचं. लगेच समजवायला जाऊ नका. तिसऱ्या आणि सहाव्या भागाच्या पट्ट्यांना घडी अंदाजाने घालू देऊ नका, ती हमखास तिरकी जाते. 8 आणि 16 सेंटीमीटरवर पेन्सिलची खूण करून मगच दुमडायची. सहाव्या भागासाठी त्यानंतर आणखी एक, निम्मी घडी.

भाग झाले की प्रत्येकावर त्याचं नाव लिहायचं : 1/8, 1/8, 1/8... मग पाव आणि आठवा भाग एकमेकांवर ठेवून त्यालाच ठरवू द्या. पुढची ठरलेली चूक म्हणजे 1/4 + 1/4 = 2/8. ती आली की खोडू नका. पावाचे दोन तुकडे जोडून लांबी मोजायला सांगा : 12 सेंटीमीटर. मग आठव्याचे दोन : 6 सेंटीमीटर. उत्तर त्याच्या हातात आहे. 1/2 + 1/3 सुद्धा याच पट्ट्यांवर होतं. 12 आणि 8 मिळून 20, म्हणजे 24 पैकी 20. शेजारी सहाव्या भागाची पट्टी लावली की तिचे बरोबर पाच तुकडे भरतात.

घरात आजी असतील तर त्यांना मध्ये घ्या. जुन्या मापात पावशेर होता आणि त्याच्या निम्मं नवटाक, म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. नवटाक पावशेरापेक्षा मोठं असं वाण्याच्या दुकानात कुणाला कधी वाटलं नाही. पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्दही मुलांच्या कानावरून चाललेत. बाजारात पाऊण किलो शेंगदाणे त्यालाच मागू द्या आणि काट्यावरचा 750 चा आकडा त्यालाच वाचू द्या. घरी आल्यावर 'पाव किलो दाण्यांच्या शेंगा चटणीला दोन चमचे तिखट, तर पाऊण किलोला किती?' हा प्रश्न आपोआप उभा राहतो. तिखट मात्र तुम्हीच घाला.

प्रश्न : सहावीतल्या नातीला कापड कसं विणतात ते दाखवायचं आहे. घरातला माग कधीच गेला. काय करता येईल? (एक आजोबा, अशोक चौक)

पुठ्ठ्याचा माग करा. खर्च जवळजवळ शून्य, आणि चूक झाली तरी काही बिघडत नाही.

पार्सलच्या खोक्याचे 25 × 18 सेंटीमीटरचे दोन तुकडे कापा. खोक्याच्या पुठ्ठ्यात आत नळ्या असतात. एका तुकड्याच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील असे ते चिकटवा. एकेरी पुठ्ठा धाग्याच्या ताणाने धनुष्यासारखा वाकतो आणि मधले धागे सैल पडतात. बहुतेक घरगुती माग पहिल्याच दिवशी फसतात ते यामुळे. वरच्या आणि खालच्या (18 सेंटीमीटरच्या) कडेला दोन्ही टोकांना दीड सेंटीमीटर सोडून दर सेंटीमीटरला अर्धा सेंटीमीटर खोल खाच पाडा. दोन्ही कडांना सोळा-सोळा खाचा येतील.

ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, जाड सुती दोरा 5 मीटर घ्या. लोकर नको, ती ताणली जाते आणि विणून काढल्यावर आकसते. खालच्या पहिल्या खाचेत गाठ मारून दोरा वर न्यायचा, वरच्या खाचेमागून शेजारच्या खाचेत आणायचा आणि खाली उतरवायचा. धागे सगळे समोरच्या बाजूलाच दिसले पाहिजेत. बोटाने छेडल्यावर दोरा किंचित थरथरला म्हणजे ताण बरोबर. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, लोकर किंवा जुन्या सुती साडीच्या 1 सेंटीमीटरच्या पट्ट्या चालतात. पुठ्ठ्याची चपटी सळई करून तिच्यावर बाणा गुंडाळला की धोटा झाला. तो एका उभ्या धाग्यावरून, पुढच्याखालून असा न्यायचा आणि परतताना उलट. बाणा दाबून बसवणाऱ्या फणीचं काम जेवणाचा काटा किंवा मोठा कंगवा करतो.

आता दोन बिघाड नक्की होणार. पाच-सहा ओळींनंतर कापड कमरेत बारीक होऊ लागेल. आडवा धागा सरळ ओढून घेतल्यामुळे तो कडेचे उभे धागे आत खेचतो. बाणा कमानीसारखा सैल टाकायचा आणि मग फणीने खाली बसवायचा, म्हणजे वळणासाठी लागणारी जास्तीची लांबी मिळते. दुसरा बिघाड असा की परतताना शेवटचा धागा चुकतो आणि कडेला फासे लोंबतात. दोन्ही वेळा आजोबा, तुमचा हात शिवशिवेल. आवरा. बारीक झालेली कंबर तिने पट्टीने मोजली (15 चे 11 सेंटीमीटर झाले, असं) आणि कारण तिनेच शोधलं, तर ती पुन्हा कमान विसरणार नाही. शब्द मात्र भरपूर द्या : ताणा, बाणा, धोटा, फणी. घरी तेलुगू बोलत असाल तर तुमच्या घरातले या वस्तूंचे शब्द तेच ठेवा, ते तिला शाळेत मिळणार नाहीत.

चार बोटं कापड विणून झालं की घरातली सोलापुरी चादर काढा. बहुतेक चादरींत एका बाजूला जिथे लाल आहे तिथे उलट बाजूला दुसरा रंग असतो, नक्षी तीच. 'कसं झालं असेल?' विचारा. दोन रंगांचे थर आतल्या आत जागा बदलतात, हे नखाने थर किंचित वेगळे करून पाहता येतं. मग चौकटीच्या वहीत तिला नक्षी काढू द्या. भरलेली चौकट म्हणजे उभा धागा वर, कोरी म्हणजे खाली. नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावरची छिद्रांची कार्डं हेच काम करतात : छिद्र असेल तिथे सुई पार जाते आणि धागा उचलला जातो, नसेल तिथे तो खालीच राहतो. फ्रान्समध्ये 1804 मध्ये आलेल्या या मागाची युक्ती म्हणजे 'हो-नाही'ची भाषा. संगणकाच्या तासाला तिला 0 आणि 1 भेटतील तेव्हा ओळख जुनी निघेल.

टेरी टॉवेलही याच बैठकीत उलगडून पाहा. त्याला ताणे दोन असतात, एक घट्ट, एक सैल. आडवे धागे थोडं अंतर ठेवून टाकतात आणि मग एकदम ठोकतात. तेव्हा सैल ताणा वर उचलून येतो आणि त्याचे फासे होतात. जुन्या टॉवेलचा एक फासा सुईने ओढला की शेजारचा आत जातो, हे तिला लगेच दिसेल.

नंतर ओळखीच्या यंत्रमागावर न्यायचं असेल तर केस बांधलेले, ओढणी नाही, कानात कापूस, आणि यंत्राच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब. आवाजात बोलता येत नाही, म्हणून काय काय पाहायचं ते घरीच ठरवून जा.

प्रश्न : मुलीने खिळ्याला तार गुंडाळून विद्युतचुंबक केला. सेल गरम होतो, पण टाचणी उचलत नाही. (सातवीतल्या मुलीचे वडील, होटगी रोड)

ती तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली असेल तर तिच्यावर वीज जाऊ न देणारा इनॅमलचा थर असतो. दोन्ही टोकं 2-2 सेंटीमीटर पॉलिश पेपरने लख्ख तांबं दिसेपर्यंत घासा. पण तुमचा सेल गरम होतो आहे, म्हणजे वीज वाहते आहे, तेव्हा दोष दुसरीकडे शोधायला हवा. खिळा स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळेचा आहे का पाहा. साध्या लोखंडाचा हवा, साधारण 7-8 सेंटीमीटर लांब. फ्रिजवरचं चुंबक त्याला चिकटलं की खात्री झाली. दुसरी शक्यता अशी की अर्धे वेढे एका दिशेने आणि अर्धे उलट दिशेने पडलेत. मग ते एकमेकांचं काम मोडतात.

28 गेजची 4 मीटर तार, 1.5 व्होल्टचा एकच सेल, वेढे 50, एकाच दिशेने, शेजारी शेजारी. जोडणी एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त नको. सेल गरम होतो तो तारेला फारसा रोधच नसल्यामुळे. मोबाइलची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी अजिबात वापरू नका. किती टाचण्या उचलल्या ते लिहून ठेवा, मग त्याच तारेचे 100 वेढे करा आणि पुन्हा मोजा. आधी अंदाज लिहायचा, मग जोडायचं. दुप्पट येतीलच असं नाही, सेल दमलेला असतो. म्हणून प्रत्येक मोजणी तीनदा.

प्रश्न : जिल्हा परिषदेची शाळा, पाचवी ते सातवी मिळून 34 मुलं, प्रयोगशाळा नाही. सावलीवर काही करून घ्यायचं आहे. 'बारा वाजता सूर्य डोक्यावर' हे मुलांना पाठ आहे. (एक शिक्षिका, उत्तर सोलापूर तालुका)

बाई, ते वाक्यच प्रयोगाला घ्या. सोलापुरात बारा वाजता सूर्य डोक्यावर नसतो, बहुतेक दिवस साडेबारालाही नसतो. आपल्या घड्याळाची वेळ 82.5 अंश रेखांशाची. सोलापूर साधारण 75.9 अंशांवर, म्हणजे 6.6 अंश पश्चिमेला. एका अंशाला 4 मिनिटं या हिशेबाने खरी दुपार सरासरी 12 वाजून 26 मिनिटांनी होते. त्यात वर्षभर काही मिनिटांचा फरक पडतो.

साहित्य : 1 मीटरची सरळ काठी, मातीने भरलेला डबा, ओळंबा, खडू, मोजपट्टी. काठी तिरकी असेल तर सगळे आकडे खोटे, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. गवंड्याचा ओळंबा नसेल तर दोऱ्याला नट बांधा आणि दोन बाजूंनी तपासा. काठीची लांबी डब्यातल्या मातीपासून नाही, सावली पडते त्या फरशीपासून मोजायची. फरशी सपाट आहे का ते पाण्याने भरलेल्या ताटलीने कळतं.

बारा वाजल्यापासून पाऊण तास दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. सर्वांत आखूड सावली म्हणजे खरी दुपार, आणि त्या सावलीची रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण. दुपारच्या सुमारास सावलीची लांबी फार हळू बदलते, तीन-चार खुणा सारख्याच वाटतात. मुलं वेळेवर वाद घालतील, घालू द्या. दिशा अचूक हवी असेल तर सकाळी दहाच्या सुमारास सावलीच्या टोकातून काठीभोवती वर्तुळ काढा. दुपारनंतर सावली पुन्हा त्या वर्तुळाला जिथे टेकेल तिथे दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधून काठीकडे जाणारी रेघ ती उत्तर-दक्षिण. टोक पुसट दिसेल, कारण सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे. 1 मीटरच्या काठीला जवळपास 1 सेंटीमीटर धूसर पट्टा येतो. त्याच्या मध्यावर खूण करायची हे सगळ्या गटांनी आधीच ठरवायचं.

तुमच्याकडच्या अपेक्षित आकड्यांचा ताळा असा. 23 सप्टेंबर : 12.19 च्या सुमारास, सावली 32 सेंटीमीटर, उत्तरेकडे. 22 डिसेंबर : 12.25, 87 सेंटीमीटर. 21 मार्च : 12.34, पुन्हा 32. आणि 21 जूनला 12.28 वाजता फक्त 10 सेंटीमीटर, तीही दक्षिणेकडे! सावली नेहमी उत्तरेलाच पडते असं मानणाऱ्यांना हा दिवस दाखवण्यासारखा आहे. हे आकडे मुलांना आधी सांगू नका.

34 मुलांचे सहा गट करा आणि मुद्दाम वेगवेगळ्या काठ्या द्या : 50 सेंटीमीटर, 75, 1 मीटर, दीड मीटर. सप्टेंबरात 16, 24, 32, 48 येतील. फळ्यावर आकडे लिहिले की सावली भागिले काठी सगळीकडे एकच निघते, आणि गुणोत्तर शिकवावं लागत नाही. त्याच मिनिटाला शाळेच्या ध्वजस्तंभाची सावली मोजून त्याची उंची काढता येते. सातवीला पुढचं काम द्या : वहीत 10 सेंटीमीटर उभी रेघ, तिच्या पायथ्याशी काटकोनात 3.2 सेंटीमीटर आडवी, दोन्ही टोकं जोडायची आणि वरचा कोन कोनमापकाने मोजायचा. साडेसतरा-अठरा अंश येतो. भूगोलाच्या नकाशात सोलापूरचा अक्षांश शोधायला सांगा. तो 17.7 च्या आसपासच आहे. हा ताळा सप्टेंबर किंवा मार्चच्या विषुवदिनालाच जमतो, एरवी नाही.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो, सोलापूर शहराला 10 मेच्या आसपास, 12.23 ला, आणि पुन्हा 2-3 ऑगस्टला, 12.33 ला. करमाळा उत्तरेला आहे, तिथे मेमध्ये दोन-तीन दिवस उशिरा आणि ऑगस्टमध्ये तेवढंच लवकर. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि ऑगस्टमध्ये ढग, ही नेहमीची रड. पण एखादा दिवस मागेपुढे झाला तरी 1 मीटरच्या काठीची सावली अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपासच असते, त्यामुळे चार दिवसांत ऊन पडेल तेव्हा उरकता येतं. फूटभर प्लास्टिकचा पाइप उभा धरला की उजेड आरपार तळाशी गोल पडतो. मुलांना काठीपेक्षा हे जास्त आवडतं. वर सूर्याकडे कुणीही बघायचं नाही, पाइपमधून तर मुळीच नाही.

प्रश्न : ज्वारी रुजवण्याचा प्रयोग दर वेळी बुरशीने जातो. (पालक, मंगळवेढा)

मंगळवेढ्यात ज्वारी रुजत नाही म्हणजे पाणी जास्त झालं! पण आधी दुसरी, महत्त्वाची गोष्ट. पेरणीच्या पिशवीतलं रंगीत बियाणं मुलांच्या हातात देऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. घरच्या कणगीतले किंवा दळणाला काढलेले अखंड दाणे घ्या, फुटके वेचून टाका. बुरशी आधी त्यांच्यावरच धरते. आठ तास भिजवून निथळा.

कापसावर रुजवण्यापेक्षा लिटरची पारदर्शक बाटली गळ्याखाली कापून, तळाला चार भोकं पाडून, दोन भाग काळी माती आणि एक भाग वाळू भरा. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते, दाणा गुदमरतो आणि वाळली की माती बाटलीपासून सुटते. दाणे बाटलीच्या भिंतीला टेकवून 2, 5 आणि 10 सेंटीमीटर खोलीवर ठेवा, प्रत्येक खोलीला पाच. बाहेरून काळा कागद गुंडाळा, कारण मुळं उजेड टाळतात. कागद फक्त बघण्यापुरता काढायचा. भोकांतून थेंब येईपर्यंत एकदाच पाणी, नंतर रोज दोन-तीन चमचे. 10 सेंटीमीटरवरचे बरेचसे वर पोचणार नाहीत. कोंब निघालेला असतो, पण दाण्यातली शिदोरी वाटेतच संपते. पाभर (पेरणीचं अवजार) साधारण 5 सेंटीमीटरवर का पेरते, हे मग शेतावर नेऊन विचारा. तोवर एखादी बाटली बुरशीने गेली तर टाकू नका, झाकून ठेवा आणि तिला रोज किती पाणी पडलं होतं ते वहीत पाहा.

प्रश्न : तयार विज्ञान किट घ्यावं का? वेळ कमी पडतो. (सात रस्ता)

घ्या, पण उघडून पाहून. सुटे भाग बाजारात पुन्हा मिळतात का, स्क्रू मुलाला स्वतः काढता येतात का आणि प्रयोग एकाहून जास्त प्रकारे जुळतो का, एवढं बघा. एकदाच जुळणारं किट दुसऱ्या दिवशी कपाटात जातं. जुना बंद पडलेला टेबल फॅन किंवा मिक्सर त्याहून चांगला. वायर आधी मुळापासून कापून टाका, म्हणजे कुणी चुकूनही प्लगला लावणार नाही. टीव्ही, मायक्रोवेव्ह आणि यूपीएस मात्र खोलू देऊ नका, त्यांच्यात बंद असतानाही वीज साठलेली राहते.

रविवारी केगावच्या सोलापूर विज्ञान केंद्रात जाणार असाल तर सगळं बघायचा हट्ट सोडा. तीन खेळणी निवडा, प्रत्येकापाशी पंधरा मिनिटं. माहितीचा फलक मुलाने हात लावून झाल्यावरच वाचायचा.